देवाच्या बैलाला सुई

मी माणसांचा डॉक्टर नव्हतो, आणि खरं सांगायचं तर ढोरांचाही नव्हतो. सरकारी कागदावर माझं पद ‘स्टॉकमन’ असं होतं. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करायची, नळीनं औषध पाजायचं आणि सायकलीवर गावोगाव फिरून लस टोचायची, एवढं माझं काम. पण पांढरकवड्याच्या आसपासच्या खेड्यांत मला कायम डाक्टरसायब म्हणूनच हाक आली. सुरुवातीला मी दुरुस्ती करत असे. मग एका म्हाताऱ्यानं मला समजावलं, “बाप्पा, बैल बरा होते ना? मंग तुमी कोन हाये त्याच्याशी बैलाले काय करा लागते?” तेव्हापासून मी दुरुस्ती करणं सोडून दिलं.

छप्पन साली जुन्या मध्यप्रदेशात मी नोकरीला लागलो. वर्ष सरायच्या आत आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि साठ साली महाराष्ट्रात. जागेवरून न हलता मी तीन राज्यांची नोकरी केली. जागेवरून म्हणजे सायकलच्या सीटवरून. बाकी खुर्ची अशी मला फारशी लाभली नाही.

आमचं घराणं यवतमाळातलं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काका कोर्टात. ढोरांशी आमचा संबंध दुधापुरता. मी हे काम पत्करलं तेव्हा काका वडिलांना म्हणाले होते, “एकानं तरी घराबाहेर हवा खाल्लेली बरी.” हवा मात्र मी भरपूर खाल्ली. दवाखाना पांढरकवड्याला, तालुक्याचं नाव केळापूर, आणि आमची हद्द जंगल संपेल तिथपर्यंत. जंगल तेव्हा लवकर संपत नसे. डांबरी सडक सोडली की सागाच्या पानांचा आवाज आणि बैलगाडीची चाकोरी. चैतात मोहाची फुलं गळायची, तेव्हा पहाटे सगळ्या वाटेवर गोडसर आंबूस वास असायचा आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली दिसायची. संध्याकाळी ढोरं घरी परतताना गावावर एवढी धूळ चढायची की लांबून गाव दिसत नसे, नुसत्या घंटा ऐकू येत. आजकाल मी राळेगावकडे पुतण्याकडे जातो. रस्ते गुळगुळीत आहेत, शेतात सोयाबीन आहे, दारात ट्रॅक्टर आहे. लोक पूर्वीपेक्षा बरं खातात, हे मला दिसतं आणि त्याचा आनंद वाटतो. पण गावात शिरल्यावर माझे डोळे अजून गोठे शोधतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक पाटील म्हैस घेऊन आले आणि म्हणाले, “हिला नजर लागली की पोट बिघडलं, एवढंच सांगा. औषध आमच्याजवळ दोन्हीचं आहे.” एकदा एका कोलाम पोडावरचा, म्हणजे पाड्यावरचा, माणूस मोडक्या पायाचं वासरू खांद्यावर टाकून जंगलातून आला. आम्ही बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. त्यानं सावलीत बसून एक बिडी ओढली, वासरू परत खांद्यावर घेतलं आणि आला तसा गेला.  काही महिन्यांनी बाजारात मला पाहून त्यानं फक्त आपला पाय आपटून दाखवला. पाय जुळला, असं त्याला सांगायचं होतं.

पण खरी लढाई होती बुळकांडीशी. आजच्या वाचकाला हा शब्दच ठाऊक नसेल, आणि नसावा हेच बरं. हा ढोरांचा रोग. ताप चढायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं, तोंड आतून सोलून निघायचं, मग हगवण, आणि बघता बघता जनावर खलास. एका गोठ्यात शिरला की गाव बसायचं. गाव बसलं म्हणजे नांगर बसला. त्या काळी सरकारनं ठरवलं की देशातल्या एकूण एक ढोराला लस टोचायची. लस यायची काचेच्या बंद कुपीत, कोरड्या भुकटीच्या रूपात. थंडगार मिठाच्या पाण्यात ती विरघळवायची आणि लगेच संपवायची. ऊन लागलं की ती मेली. म्हणून थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुप्या, आणि थर्मास सायकलच्या हँडलला पोत्यात गुंडाळून टांगलेला, अशी आमची वरात निघायची.

या लशीचा एक स्वभाव होता. टोचल्यानंतर चार-पाच दिवसांनी जनावराला ताप यायचा. ते बसायचं, खाणं टाकायचं, दूध आटायचं. मग ताप उतरायचा आणि पुढं बुळकांडी त्याच्या वाटेला जात नसे. ताप आला म्हणजे लस लागली, असं आम्ही मानत असू. पण ज्याच्या दारात बैल बसलेला असतो, त्याला हे पटवणं कठीण.

जंगलाच्या कडेला धनसिंग नायकाचा तांडा होता. हे बंजारे, आणि नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. तीस-चाळीस घरं, कुडाची, सारवून लख्ख ठेवलेली, आणि माणसांपेक्षा ढोरं जास्त. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा पळस फुलला होता. धनसिंग नायक खाटेवर बसला होता. सत्तरीचा, सडसडीत, डोक्याला लाल पागोटं. त्याच्या मागं दाराशी त्याची थोरली बहीण सोनकी उभी होती. तांड्यातले सगळे तिला सोनकी याडी म्हणत. याडी म्हणजे आई. हातभर हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, आणि नजर अशी की आपण काहीतरी चोरून नेतोय असं वाटावं.

मी लशीचं सांगितलं. नायकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, “आमचा तांडा याच जागी काहून हाये, ठावं हाये तुमाले?”

मी नाही म्हणालो.

“माह्या बापाची लदेणी होती,” तो म्हणाला. लदेणी म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचा काफिला. रेल्वे आणि सडका येण्याआधी मीठ, धान्य, सारा माल या लोकांनीच देशभर वाहिला. “मी लहान होतो. मीठ घेऊन चाललो होतो. इथं मुक्काम केला. सकाळी एक बैल उठेना. सांजेले दुसरा. मंग मोजनंच सोडलं. बैल गेले, मिठाच्या गोण्या पावसात विरघळून गेल्या. लदेणी इथं बसली, म्हून आमी इथं बसलो. बापानं नांगर धरला. पन जिता होता तवरोक त्यानं त्या नांगराकडं कधी धड पाह्यलं नाही.”

मागून सोनकी म्हणाली, “तवा सुई नोती म्हून नाही मेले बैल. बैल देवाले इसरले म्हून मेले.”

“देवाले आपून इसरलो असन. बैलाइनं काय केलं होतं?” नायक तिच्याकडे न पाहता म्हणाला.

तांड्यात एक देवाचा बैल होता. देवाच्या नावानं सोडलेला, खच्ची न केलेला. त्याला कुणी जुंपत नसे, त्याच्या पाठीवर कुणी गोणी टाकत नसे. पांढराशुभ्र, कपाळावर कवड्यांची पट्टी, गळ्यात पितळी घंटा. तो पुढं चालला की बाकीची ढोरं मागून चालत. त्याला वाढवला होता सोनकीनं. नायकानं सगळ्यांसमोर निर्णय दिला, “पह्यले देवाच्या बैलाले टोचा. त्याले सोसलं, तर सगळ्याइले सोसन.”

मी तापाचं पुन्हा एकदा नीट समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सोनकीनं बैलाचं तोंड छातीशी धरलं आणि मी सुई टोचली. तो हललासुद्धा नाही. ती मात्र हलली. उरलेल्या लशीचं काय करायचं? विरघळवलेली लस ठेवता येत नाही. मी ती ओतून दिली आणि सायकलीवर बसलो.

चार-पाच दिवसांनी परत गेलो. कुणी रामराम घातला नाही. मोहाच्या झाडाखाली देवाचा बैल बसला होता, मान जमिनीला टेकवून. सोनकी त्याच्या डोक्याशी बसली होती. नायकाचा मुलगा रामलाल, चांगला दांडगा गडी, त्यानं माझ्या सायकलचं हँडल धरलं.

“डाक्टर,” तो म्हणाला, “आता बैल उठन तवाच तुमी उठसान.”

मी नायकाकडे पाहिलं. तो बैलाकडे पाहत होता. मी घाबरलो, हे लपवण्यात अर्थ नाही. अंगात सरकारी खाकी होती, पण ती कुणाच्या कामाची नव्हती. मी म्हणालो, “सायकल ठेव तिकडं. मला तसंही जायचं नाही.” आणि मी बैलाजवळ जाऊन बसलो.

ताप मोजला. होता, पण लशीच्या तापाइतकाच. तोंड उघडून आतून पाहिलं, व्रण नव्हता. डोळ्यांना पाणी नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, पण तो माझाच. बाकीच्यांचा कसा पडणार? मी ओलं पोतं मागवलं, बैलाच्या पाठीवर टाकलं. ज्वारीची पातळ पेज गूळ घालून करायला सांगितली आणि बांबूच्या नळीनं घोट घोट पाजली. सोनकी बघत होती. मी तिचा हात धरून बैलाच्या नाकपुडीवर ठेवला.

“कोरडं लागतं ना?” मी म्हणालो. “निरोगी बैलाचं नाक ओलं असतं. हे ओलं झालं की समज, ताप उतरला.”

तिनं हात काढून घेतला नाही. तिथंच ठेवला.

माझा मुक्काम झाडाखालीच झाला. जेवणाच्या वेळी मला जरा अडचण वाटली. आमच्या घरात बाहेरचं खाणं कुणाला ठाऊक नव्हतं. मी ‘भूक नाही’ म्हणालो. सोनकीनं ज्वारीची भाकर, वर अंबाडीची भाजी आणि मिरची, असं माझ्यापुढं आणून ठेवलं. “खाय,” ती म्हणाली. “उपाशी मानसाच्या हातची दवा लागत नाही.” मी खाल्लं. त्या अंबाडीची चव मी नंतर कितीतरी ठिकाणी शोधली. आमच्या सौभाग्यवतींनी ती जमवायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी त्या म्हणाल्या, “त्या भाजीत भीती घातलेली होती, ती मी कुठून आणू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावचा एक माणूस तांड्यावरून चालला होता. पाणी प्यायला थांबला आणि बोलता बोलता म्हणाला, गावात ढोरं पडू लागली आहेत. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड. कालपासून मेलेली ओढून टाकतोय.

नायक खाटेवरून उठून उभा राहिला. त्या गावाची आणि तांड्याची ढोरं एकाच नाल्यावर पाणी पीत.

“डाक्टर,” त्यानं विचारलं, “आता टोचलं तं?”

“लशीला जोर धरायला दिवस लागतात,” मी म्हणालो. “ढोरं नाल्यावर जाऊ देऊ नका. विहिरीचं पाणी ओढून पाजा. आणि टोचायचं असेल तर उद्याच. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही.”

सगळे देवाच्या बैलाकडे पाहू लागले. तो बसलेलाच होता. ढोरं टोचून घ्या, असं म्हणायची कुणाची छाती होईना. नायकानं शब्द दिला होता, त्याला सोसलं तर. आणि सोसलं की नाही, हे अजून बैलानं सांगितलं नव्हतं.  त्या संध्याकाळी बायका विहिरीवर रहाट ओढत राहिल्या.

सकाळी मला सोनकीच्या आवाजानं जाग आली. “डाक्टर, इकडं ये. हात लाव.”

मी हात लावला. नाक ओलं होतं, थंड होतं. तिनं तळव्यावर गुळाचा खडा धरला. बैलानं तो हुंगला, मग जीभ काढून तिचा हात तळव्यापासून कोपरापर्यंत चाटला. थोड्या वेळानं त्यानं मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि उभा राहिला. घंटा वाजली. घराघरातून माणसं बाहेर आली.

सोनकी त्यांच्याकडे वळली. “काय पाहून राह्यले? ढोरं बांधा ओळीनं. डाक्टरले लस आनाले जाऊ द्या.”

आता लस हवी, आणि लशीला बर्फ हवा. रामलाल माझ्याच सायकलवर बसला, मला मागं कॅरिअरवर बसवलं आणि ती सायकल त्यानं अशी हाणली की पांढरकवडा येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी कुप्या काढून दिल्या आणि ते स्वतः रोग लागलेल्या गावाकडे निघाले. आमचा बर्फ मात्र संपलेला. बर्फ यवतमाळहून मोटारीनं यायचा, भुशात गुंडाळून, आणि त्या दिवशी आमच्यासाठी आलाच नव्हता. आला होता तो युसूफमियाँचा. बाजारात त्यांचं सरबताचं दुकान होतं आणि तो दिवस आठवडी बाजाराचा.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी आधी बर्फाच्या लादीकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या गर्दीकडे, मग घामानं निथळणाऱ्या रामलालकडे.

“बैल को बीमारी है?” त्यांनी विचारलं.

“यायची आहे,” मी म्हणालो.

“तो ले जाओ. आज लोग गरम पानी पिएंगे.” आणि दुकानातल्या पोरानं लादी फोडायला घेतली तेव्हा ते त्याला ओरडले, “तोडना मत, पूरी दे.” पूर्ण लादी पोत्यात भरून रामलालनं पाठीवर घेतली. आमच्या मागं गिऱ्हाईक थंड सरबत मागत होतं आणि युसूफमियाँ शांतपणे सांगत होते, “आज बैलों का दिन है भाई.”

तांड्यावर पोचलो तेव्हा ढोरं ओळीनं बांधलेली होती. देवाचा बैल सगळ्यांत पुढं उभा केला होता, त्याला टोचायचं नव्हतं तरी. सोनकीनंच तो तिथं आणला होता. मी लस कालवली आणि टोचत सुटलो. एक कुपी संपली की दुसरी. रामलाल शिंगं धरत होता, सोनकी एकेका गाईशी बोलत होती. दिवस मावळायच्या सुमारास शेवटचं वासरू झालं. माझ्या अंगठ्याला फोड आले होते. त्यावर तिनं तूप लावलं, ढोरांना लावतात तसं, न विचारता.

पुढचे काही दिवस तांडाभर ढोरं तापानं बसली, आणि यावेळी कुणी घाबरलं नाही. बायका फिरून फिरून नाकांना हात लावून पाहत. दोन म्हाताऱ्या गाई गेल्या. त्या आधीच नाल्यावर रोग पिऊन आल्या असाव्यात. बाकी सगळी उठली. पलीकडच्या गावात मात्र पुष्कळ नुकसान झालं. तिथं आम्ही उशिरा पोचलो. ते गाव मला अजून आठवतं. त्या वर्षी तिथं माणसांनी वखर ओढले. असे उशीर नोकरीत बरेच झाले. जिल्हा मोठा होता आणि सायकली थोड्या.

त्या तांड्याशी माझं येणं-जाणं मग राहिलंच. कधी काम असायचं, कधी नुसती भाकर. त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमारास माझी बदली उमरखेडला झाली. जिल्ह्याचं हे दुसरं टोक, मराठवाड्याला लागून. वडील वारल्यावर आई माझ्याजवळ राहायला आली होती. सामानाची बांधाबांध चालू असताना सोनकी आणि नायक दारात उभे. सोबत दोरीला एक कालवड. पांढरी, लांब पापण्यांची. देवाच्या बैलाची लेक, असं सोनकी म्हणाली.

मी हात जोडले. “याडी, सरकारी नोकराला असं काही घेता येत नाही. माझी नोकरी जाईल.”

“तुले कोन देऊन राह्यलं?” सोनकी म्हणाली. “हे तुह्या मायले देतो. ते कोठं नोकरी करते?”

आई ओट्यावरून खाली उतरली. तिनं कालवडीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि सोनकीला हाताला धरून आत नेलं. दोघी बराच वेळ आत होत्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. फक्त एकदा दोघींचं हसणं ऐकू आलं आणि मला शंका आली की ते माझ्यावरच आहे.

प्रश्न होता कालवड न्यायची कशी. मी ट्रकची चौकशी करू लागलो. नायकाला ते ऐकून हसू आलं.

“गाय पोचवाले टरक कायले पाह्यजे? मी पोचवतो.”

“नायक, उमरखेड आहे ते. या वयात?”

“वाट ठावं हाये,” तो एवढंच म्हणाला.

आम्ही मोटारीनं उमरखेडला पोचलो, बिऱ्हाड लावलं, आणि मी रोज रस्त्याकडे पाहू लागलो. आई म्हणायची, येईल. एका सकाळी दारात कालवड हंबरली. धनसिंग नायक उभा होता, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कालवड मात्र स्वच्छ धुतलेली. वाटेत पूस नदीत त्यानं तिला आंघोळ घातली होती.

मी त्याला बसवलं. आईनं चहा केला. तो बशीत ओतून पिता पिता सांगू लागला. घाटंजीवरून आलो. आर्णीजवळ अरुणावती ओलांडली, तिथं उतार अजून तसाच आहे, खडकाळ, बैलाचा पाय घसरत नाही. पुढं एका गावाच्या शिवेवर चिंचेखाली विहीर होती, माझा बाप तिथं मुक्काम करायचा. मी बारका असताना पाहिली होती. आहे अजून. पाणी गोड आहे. एका म्हातारीनं विचारलं, कोणाचा रे तू, तर मी बापाचं नाव सांगितलं, आणि तिला ते नाव ठाऊक होतं. मीठवाला, म्हणाली.

तो जसजसा सांगत गेला तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला. तांड्यात मी त्याला इतकी वर्षं पाहत होतो, शेतात, खाटेवर, पंचायतीत. पण इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. आमच्या जिल्ह्याचा नकाशा मी सायकलीच्या चाकानं मोजला होता असं मला वाटायचं. त्या सकाळी त्याच्या तोंडून मी त्याखालचा दुसरा जिल्हा ऐकला. त्यात गावं नावापुरती होती, खुणा पाण्याच्या होत्या.

दोन दिवस आमच्याकडे राहून तो निघाला. मी काठी आणि घोंगडं त्याच्या हातात दिलं आणि त्याला वाटेला लावायला गावाबाहेर चालू लागलो. तो मात्र मोटार स्टँडकडे वळला.

“नायक, वाट इकडं आहे ना?” मी विचारलं.

“मोटारीनं जातो,” तो म्हणाला.

“येताना तर एवढं चालून आलात.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळा न शिकलेल्या पोराकडे बघावं.

“येतानी संग माल होता, डाक्टर,” तो म्हणाला. “खाली हातानं कोन पायी चालते?”

आणि तो मोटारीत चढून खिडकीजवळच्या जागेवर ऐसपैस बसला.